चिंचेवरचे पाणकावळे

पेज नदीच्या काठाने कशेळ्याकडे जाताना चिंचखांड नावाचं पन्नासेक उंबऱ्यांचं गाव लागतं. गावाच्या तोंडाशी तळं, तळ्याच्या बांधावर एक जुनी चिंच आणि चिंचेच्या समोर सहदेवचं घर. त्या घरातल्या इंदूबाईचं नाव गावातल्या सासवा आपल्या सुनांना ऐकवायच्या. नवरा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळला त्याला चार वर्षं झाली होती, पण बाईने त्याच्या पाठीला एक फोड येऊ दिला नव्हता. कूस बदलायची, पुसायचं, कपडे पालटायचे, भरवायचं. पाणीसुद्धा मान उचलून चमच्याने, घोट घोट. नाहीतर ठसका लागून जीव घाबरा व्हायचा.

सहदेव पूर्वी खोपोलीच्या एका कारखान्यात होता. पाळी संपवून आला की शेतात, आणि सुट्टी असली की नदीत. वरच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्याने पेज बारा महिने वाहते, त्यामुळे त्याचं पोहणं उन्हाळ्यातही चुकायचं नाही. गडी मोठ्या आवाजाचा. तो घरी आला हे इंदूबाईला तो तळ्याच्या वळणावर असतानाच कळायचं. असा माणूस भाताची लावणी चालू असताना चिखलातच कोसळला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. "हां", "नको" आणि "इं…" एवढंच तोंडात उरलं. "इं…" म्हणजे इंदू. पुढचं अक्षर काही केल्या यायचं नाही.

कर्जतच्या डॉक्टरांनी सांगितलं, खोलीत कोंडून ठेवू नका, माणसांत ठेवा. मुलाने, साईराजने, बापाची खाट पडवीत आणली. पण माणसं किती दिवस येणार? पहिला महिना रीघ लागली, मग सणावाराला, मग वाटेने जाता जाता "काय सहदेवभाऊ, बरं ना?" एवढंच. सहदेव तळ्याकडे तोंड करून पडून राहायचा. इंदूबाई समोर बसून काही सांगायला लागली की तो डोळे मिटून घ्यायचा. डॉक्टर म्हणाले, मन खचलंय. इंदूबाईला वाटायचं, मन माझंही खचलंय, पण मला डोळे मिटायची सोय नाही.

त्याच वर्षी पाऊस ओसरायला लागल्यावर चिंचेवर ते पक्षी आले. मोठे, काळे, कावळ्याच्या दुप्पट-तिप्पट. आधी चार-पाच जोड्या होत्या. पंख पसरून फांदीवर तासन् तास बसायचे, जसे काही कुणी काळे कपडे वाळत घातलेत.

वरच्या वाडीतली मोतीबाई नदीत मासे धरून गावात विकायची. ती पायरीवर टोपली टेकून बसली असताना सहदेवने डाव्या हाताने चिंचेकडे बोट केलं.

"पाणकावळे हायत," मोतीबाई म्हणाली. "पन ते नेमीचे बारके नायत. ह्यो मोठा. गालाखाली पिवळं दिसतंय ना? आनि डोळा हिरवा असतोय याचा, काचेच्या गोटीसारखा. मी जवळून बगितलाय. माझ्या जाळ्यात अडकला व्हता एकदा, हात फोडला माझा. चोचीला पुढं आकडी असती."

सहदेव टक लावून ऐकत होता. मोतीबाईलाही ऐकणारा भेटला.

"पंख का पसरून बसतोय म्हाईत हाय का, भाऊ? बदकाच्या पिसाला तेल असतंय, त्याला पानी लागत नाय. याची पिसं भिजत्यात. भिजली की अंग जड, म्हनून तर खोल बुडी मारतोय. दोन पुरुस खाली जातोय. मग वर आलं की वाळवत बसायचं बिचाऱ्यानं."

"हां," सहदेव म्हणाला. चांगलं ठणठणीत "हां". इंदूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली, एवढा तो आवाज वेगळा होता.

त्या दिवसापासून सहदेवला काम मिळालं. सकाळी तोंड धुवून झालं की उशा लावून बसवायचं, ते थेट दिवेलागणीपर्यंत. दर वर्षी पाऊस ओसरायला लागला की पक्षी यायचे, दर वर्षी जास्त. त्यांच्या मांड्यांवर पांढरा ठिपका उमटला, डोक्यावर पांढरे केस आले की सहदेव ओळखायचा, आता जोड्या लागणार. ती पांढरी खूण विणीपुरतीच असते, हे मोतीबाईने सांगण्याआधी त्याने स्वतःच हेरलं होतं. नर काटक्या आणायचा, मादी रचायची, आणि तिची पाठ फिरली की शेजारच्या घरट्यातली मादी त्यातली एक हळूच ओढून घ्यायची. ही चोरी दिसली की सहदेवचं अर्धं तोंड हसायचं. घरटी वाढत वाढत पाचव्या वर्षी चाळीसच्या वर गेली.

मोतीबाई आली की दोघांचं जमायचं. ती बोलायची, तो "हां" आणि "नको" म्हणायचा, आणि एवढ्यात त्यांच्या गप्पा व्हायच्या. इंदूबाई आतून ऐकायची. आपल्याशी बोलताना याच्या "हां"मध्ये कधी जीव नसतो, हे तिला कळत होतं. पण कुणाला सांगायचं? नवरा पाखरं बघतो म्हणून बायकोला वाईट वाटतं, असं सांगितलं तर लोक हसतील.

त्या पाचव्या वर्षी आश्विनातलं ऊन फार तापलं. एका दुपारी इंदूबाई त्याला पाणी पाजत होती. एक हात मानेखाली, दुसऱ्या हातात चमचा. तो पीत होता, पण नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे. अचानक त्याने मान हलवली, पाणी गळ्यावर सांडलं, आणि तो हसला. घशातून मोठ्याने, चार वर्षांत ऐकू न आलेलं हसू. "इं… इं…" म्हणत तो चिंचेकडे बोट नाचवायला लागला.

तिने वळून पाहिलं. तळ्यावरून एक पाणकावळा येऊन घरट्याच्या काठावर उतरला. घरट्यात तीन पिल्लं माना वर करून लटलट कापत होती. पक्ष्याने चोच उघडून एकेका पिल्लाच्या घशात पाणी ओतलं. मासा नाही, नुसतं पाणी. उन्हाने कासावीस झालेल्या पिल्लांसाठी त्याने ते घशात भरून आणलं होतं. मग पुन्हा उडाला, पुन्हा तळ्यावर गेला, पुन्हा आला.

सहदेवच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता.

इंदूबाईच्या हातात चमचा तसाच होता. गेली चार वर्षं, दिवसातून पंधरा वेळा, मी दुसरं काय केलं, असं तिच्या मनात आलं. आणि एकदा तरी याने माझ्याकडे असं बघितलं का? तिने पदराने त्याचा गळा पुसला, जरा जास्तच जोरात, आणि भांडं घेऊन आत निघून गेली. त्या दिवसापासून तिला ती चिंच डोळ्यांसमोर नको झाली.

कारणं शोधायची गरज नव्हती. झाडाखालचा बांध विष्ठेने चुना फासल्यासारखा पांढरा झाला होता. अर्धी चिंच त्या विष्ठेनेच जळून निष्पर्ण झाली होती. वारा घराकडे फिरला की कुजक्या मासळीचा वास थेट चुलीपर्यंत यायचा. खळ्यावर भात पसरलं की त्यावर वरून मासे पडायचे. त्यात साईराजची बायको हर्षला पहिलटकरीण, सातवा महिना. वास आला की ती तोंडाला ओढणी लावून मागच्या दारी धावायची. कार्तिकात तिचं डोहाळजेवण ठरलं होतं. तिचं माहेर कर्जतचं. तिकडून तीस-चाळीस माणसं येणार, मांडव अंगणातच पडणार.

"आई, एवढ्या वासात पंगत कशी बसवायची?" साईराज म्हणाला. "मांडव मागं घालायचा का?"

"मागं जागा कुटं हाय?" इंदूबाई म्हणाली. मग थोडं थांबून, भाजी निवडता निवडता म्हणाली, "चिंच काडून टाक."

साईराज चमकला. "आणि बाबा?"

"मी सांगते त्यांना."

"तोडायला परवानगी लागंल, आई."

"आर्दी वाळलेली हाय ती. पडली कुनाच्या अंगावर तर? तू माणूस बग. त्यांचं मी बगते."

तिने सहदेवला काही सांगितलं नाही. त्याला महिन्यातून एकदा कर्जतला दवाखान्यात न्यावं लागायचं. पुढच्या गुरुवारी तारीख होती. त्याच दिवशी झाड तोडायचं, आपण परत येईपर्यंत लाकूडसुद्धा हलवायचं, असं तिने ठरवलं. झाड नसलेलं दिसलं की चार दिवस रुसेल, मग विसरेल. मूल होणारच आहे घरात, त्याच्यात जीव रमेल.

बुधवारी संध्याकाळी लाकूडतोड्या स्वप्नील झाड बघायला आला. बुंध्याला फेरी मारून वर पाहत राहिला.

"मावशी, वर पिल्लं हायत. समद्या घरट्यांत."

"असू देत."

"पंख फुटायलेत त्यांना. महिनाभर थांबा, आपसूक उडून जातील. मग मी हाक न मारता येतो."

"माज्या सुनेचं डोहाळजेवन महिनाभर थांबल का?" इंदूबाई म्हणाली. "तू तोडणार नसलास तर दुसरा बगते."

स्वप्नीलने मान खाली घातली. "येतो सकाळी," म्हणाला.

गुरुवारी सकाळी साईराजने बापाला उचलून गाडीत ठेवलं, इंदूबाई शेजारी बसली. गाडी निघताना सहदेवने नेहमीप्रमाणे मान वळवून चिंचेकडे पाहिलं. दवाखान्यात तो खुशीत होता. डॉक्टर म्हणाले, डाव्या हातात ताकद वाढतेय, चेहराही उजळलाय, काय खायला घालता? इंदूबाई हसली. आणि तिने घड्याळाकडे पाहिलं.

काम बाराच्या आत उरकायचं होतं. पण स्वप्नीलची करवत सुरू होईना, दुसरी आणायला माणूस कशेळ्याला गेला, आणि झाड अजून उभंच आहे हे कळवायला हर्षलाने केलेला फोन इंदूबाईच्या पिशवीत वाजून वाजून बंद झाला. एक वाजता गाडी तळ्याच्या वळणावर आली तेव्हा करवतीचा आवाज कानावर पडला. साईराजने गाडी थांबवली. मागे वळावं की पुढे जावं हे त्याला सुचेना. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत चिंच कलली.

ती तळ्याच्या अंगाला पडली. आधी कडाड् असा आवाज, मग पाण्याचा धबका. वरचे सगळे पक्षी एकदम उठले, आभाळ काळं झालं. एरवी मुके असणारे ते पक्षी घशातून घोगरे ओरडत होते. घरटी फुटून काटक्या पाण्यावर पसरल्या, आणि त्या काटक्यांत पिल्लं.

सहदेवने डाव्या हाताने खिडकीची कड धरली होती. मग त्याने मान फिरवली आणि इंदूबाईकडे पाहिलं. चार वर्षं ज्या नजरेसाठी ती झुरली होती ती नजर पूर्ण तिच्यावर होती. त्याला सगळं कळलं होतं. आज दवाखान्यात जायची तिने एवढी घाई का केली तेही.

ती गाडीतून उतरली आणि धावत सुटली. साडीनिशी तळ्यात उतरली. छातीभर पाण्यात फांद्या बाजूला सारत पिल्लं हाताला लागतील तशी उचलायला लागली. मोठ्यांची पिसं भिजली तरी ती तरतात. या पिल्लांच्या अंगावर नुसती काळी लव आणि कोंब फुटलेले पंख. भिजून त्यांचा चिंधीसारखा गोळा झाला होता. काही फांद्यांखाली दबून आधीच गेली होती. जिवंत होती ती भीतीने पोटातले मासे ओकत होती, तिच्या हातावर, पदरावर. स्वप्नील आणि त्याची माणसंही करवत टाकून पाण्यात आली. बांधावर पिल्लं मांडत गेले, वाचलेली एकीकडे, मेलेली एकीकडे. मेलेल्यांची रांग लांबत गेली.

संध्याकाळपर्यंत पक्षी फिरत राहिले. घशात मासे भरून आणायचे आणि उतरायला जागा सापडायची नाही. घराच्या कौलांवर बसले, विजेच्या तारेवर बसले. जिथे घरटं होतं त्या जागी हवेत पंख फडफडवत थांबायचे आणि पुन्हा वळायचे.

मोतीबाईला खबर लागली तशी ती वाडीवरून उतरली. वाचलेली पिल्लं टोपलीत घातली होती, त्यांच्यापाशी बसली. "इंदूबाय," एवढंच म्हणाली. मग स्वतःच्या जाळ्यातली मासळी बारीक करून पिल्लांना भरवायला लागली. ती चोच उघडत नव्हती. त्यांना आईच्या घशात डोकं खुपसून खायची सवय. माणसाच्या बोटांतून कसं खायचं हे त्यांना कळेना. दुसऱ्या दिवशी खोपोलीहून पक्षी वाचवणारी मंडळी आली, उरलेली बावीस पिल्लं खोक्यांत घालून घेऊन गेली. त्यांतली चार जगली, असं नंतर कळलं.

वनखात्याची माणसं आली, पंचनामा झाला. साईराज पुढे झाला, तेव्हा इंदूबाईने त्याला मागे सारलं. "मी सांगितलं तोडायला. माझं नाव लिवा," म्हणाली.

तिसऱ्या दिवशी पक्षी यायचे थांबले.

डोहाळजेवण मग कर्जतलाच झालं, हर्षलाच्या माहेरी. अंगणात मांडव पडलाच नाही.

सहदेवची खाट पडवीतच होती. समोर आता मोकळं आभाळ आणि तळं. झाड पडलं त्या गुरुवारी रात्री इंदूबाईने त्याच्या मानेखाली हात घातला आणि चमचा ओठांना लावला. त्याने ओठ मिटून घेतले.

"प्या वो थोडं. सकाळपासून घोट नाय."

त्याने तोंड उघडलं नाही. साईराजने चमचा हातात घेतला, तेव्हा तो प्याला. तिला वाटलं, आजचा दिवस असा, उद्या उतरेल राग. दुसऱ्या दिवशीही तेच. कूस तिने बदललेली चालायची, अंग तिने पुसलेलं चालायचं, भातही कधीमधी तिच्या हातून दोन घास घ्यायचा. पण पाणी नाही. साईराजच्या, हर्षलाच्या, मोतीबाईच्या, शेजारच्या कुणाच्याही हातून घ्यायचा. तिच्या हातून ओठ घट्ट मिटलेले. साईराज कामावर, हर्षला माहेरी, अशा दुपारी तो तहानेला राहायचा. जीभ कोरडी पडायची, पण नाही. मग इंदूबाई तांब्या-चमचा घेऊन शेजारणीच्या दारात उभी राहायची. "जरा येतेस का गं? त्यांना पानी पाजायचंय."

"का गं, तुझ्या हाताला काय झालं?" शेजारीण पहिल्यांदा म्हणाली. नंतर तिने विचारणं सोडलं. गावाला कळलंच होतं.

एकदा इंदूबाईचा बांध फुटला. घरात कुणी नव्हतं. खाटेच्या कडेशी बसून ती म्हणाली, "चुकलं माझं. किती येळा म्हनू? तुमचा हात चालतोय ना एक, मारा मला. पन पानी घ्या." सहदेवने डावा हात उचलला. तिला वाटलं, खरंच मारतो आता. त्याने हात तिच्या डोक्यावर ठेवला, क्षणभर, आणि काढून घेतला. तिने घाईघाईने चमचा पुढे केला. ओठ मिटले.

हे तिला कधीच उलगडलं नाही. रागाने मिटतो म्हणावं तर नजरेत राग नव्हता.

पौषात हर्षलाला मुलगी झाली. बारशाला आणली तेव्हा सहदेवच्या डाव्या कुशीत ठेवली. तो तिला बघून हसला. सगळ्यांना वाटलं, आता ठीक होईल.

पुढचा पाऊस सरत आला तशी मोतीबाई एक दिवस बातमी घेऊन आली. खालापूरच्या बाजूला एका धरणाच्या फुगवट्यात बुडालेली वाळकी झाडं आहेत, त्यांच्यावर मोठे पाणकावळे बसलेत. तिच्या भाच्याने बघितलेत.

"तेच असतील का?" इंदूबाईने विचारलं.

"पाखराला काय नाव लिवलेलं असतंय? असतील. भाऊला दाखव."

इंदूबाईने साईराजच्या मागे लागून टेंपो ठरवला. हौद्यात गादी टाकली, उशा रचल्या, वर ताडपत्री बांधली. सहदेवला नुसतं सांगितलं, "पाखरं बगायला जायचंय." त्याने तिच्याकडे संशयाने पाहिलं. गेल्या वेळी ती त्याला गाडीत घेऊन गेली होती ते त्याच्या लक्षात होतं. मोतीबाई म्हणाली, "मी हाय संगं, भाऊ." तेव्हा तो "हां" म्हणाला.

धरणाच्या काठी टेंपो मागे लावून फळी उघडली. पाणी लांबवर पसरलेलं, मध्ये वाळक्या झाडांचे सांगाडे आणि त्यांवर काळे ठिपके. सहदेवने डोळे बारीक केले, पुन्हा उघडले. वर्षभरात त्याची नजर अधू झाली होती, हे तोवर कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्याला दिसत नव्हतं.

"इं…" तो म्हणाला.

इंदूबाई हौद्यात चढली, त्याच्या शेजारी बसली. "मी सांगते," म्हणाली. "पंधरा-वीस हायत. एक पंख पसरून बसलाय. दुसरा चोचीनं पिसं साफ करतोय. आता एक उडाला… पान्याला लागून उडतोय, मान लांब करून. बुडाला. अजून वर नाय आला. नाय… आला, आला, मासा हाय तोंडात. उडवून सरळ केला, डोक्याकडून गिळला."

सहदेवने डाव्या हाताने स्वतःची मांडी थोपटली. काय विचारतो तिला कळलं. मांडीवर पांढरा ठिपका आहे का?

तिने पुन्हा पुन्हा पाहिलं. एकाच्याही अंगावर पांढरं नव्हतं. एकही घरटं नव्हतं. नुसते बसले होते.

"हाय," ती म्हणाली. "समद्यांना हाय. घरटीबी लागल्यात."

मोतीबाईने मान दुसरीकडे वळवली. सहदेव इंदूबाईच्या तोंडाकडे बघत राहिला, बराच वेळ. ती कधी खोटं बोलते हे त्याला तीस वर्षांच्या संसारात कळत आलं होतं. मग त्याने तिच्या मनगटावर हात ठेवला आणि परत येताना खोपोली मागे पडेपर्यंत तो काढला नाही. ती हलली नाही. हाताला मुंग्या आल्या तरी हलली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती सगळ्यांच्या आधी उठली. तांब्या घासून लख्ख केला, ताजं पाणी भरलं. मानेखाली हात घालून चमचा लावला.

त्याने ओठ मिटून घेतले.

पंधरा दिवसांनी सहदेवला दुसरा झटका आला. दवाखान्यातून दोन दिवसांत परत पाठवलं, घरी न्या म्हणाले. तिसऱ्या दिवशी सकाळी श्वास लागला. घर माणसांनी भरलं. कुणीतरी तुळशीपत्र आणलं, कुणीतरी गंगाजळाची कुपी. "इंदूबाय, तू घाल," मोठी जाऊ म्हणाली. "पयला मान तुझा."

सहदेवचं तोंड उघडंच होतं. मिटायची ताकद राहिली नव्हती. इंदूबाईने पळीभर पाणी सोडलं. थोडं आत गेलं, थोडं ओठाच्या कडेने उशीवर ओघळलं. त्याने घेतलं की नुसतं गेलं, हे तिला कळायला मार्ग नव्हता. बाकीच्यांनी एकेक करून पाणी घातलं. ती खाटेचा पाय धरून बसून राहिली.

तेरा दिवस झाले, पाहुणे पांगले. एका दुपारी हर्षला मुलीला खांद्यावर घेऊन पडवीत फेऱ्या मारत होती. मध्येच थांबली आणि तिला रडू फुटलं.

"माझ्यामुळं झालं हे सगळं, आई. मला तो वास सहन झाला असता ना, तर चिंच राहिली असती. बाबा राहिले असते. वर्षभर माझ्या मनातून जात नाही."

साईराजही दारात येऊन उभा राहिला. इंदूबाई तांदूळ निवडत होती. घरातल्या, गावातल्या सगळ्यांनी हेच धरलं होतं, की सासूने सुनेसाठी झाड तोडलं. चुकलं, पण सुनेच्या मायेपोटी. तेवढा एक आडोसा तिला उरला होता. ती काही न बोलता बसली असती तर तो जन्मभर टिकला असता.

"तुझ्यासाठी नाय तोडलं मी," ती म्हणाली.

"आई, मला बरं वाटावं म्हणून नका बोलू."

"खरं तेच बोलते. तुझं निमित्त केलं. तू नसतीस तरी मी तोडलं असतं. ते पाखरांकडं बगून हसायचे, माज्याकडं बगून नाय. मला बगवत नव्हतं." तिने सूप बाजूला ठेवलं. "स्वप्नील म्हनाला व्हता, महिनाभर थांबा. मी थांबले नाय. पिल्लं हायत म्हाईत असून थांबले नाय. तुझ्या डोक्यावर काय नाय, पोरी. तू मनातून काड."

साईराज दारातून आत वळला. हर्षला सासूच्या तोंडाकडे बघत राहिली. तिचे डोळे कोरडे झाले होते. तिने मुलीला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि तीही आत गेली.

संध्याकाळी तिने नेहमीसारखंच इंदूबाईचं ताट वाढून आणलं. भाकरी, आमटी, भात. ताट ठेवलं, शेजारी पाण्याचा पेला ठेवला, आणि आणखी काय हवं हे रोज विचारायची ते न विचारता परत गेली.